संशोधनाचे घड्याळ आणि विरार लोकल

वसई-विरारच्या वस्त्यांमधून अलीकडे एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. "तुमची मुलगी नोकरीला लागली की अजून शिकतेच आहे?" विचारणाऱ्याचा यात काही दोष नाही. ज्या घरांतून आजवर माणसे गिरणीत, गोदीत, रेल्वेत, महापालिकेत आणि कारखान्यात कामाला गेली, त्या घरांना पाळी ठाऊक आहे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. भोंगा झाला की माणूस आत आणि भोंगा झाला की माणूस बाहेर. पण पीएच.डी. करणारी मुलगी एके दिवशी सकाळी अकरा वाजता घर सोडते, एके दिवशी घरातच कागद पसरून बसते आणि एके दिवशी शेवटच्या गाडीने परत येते. ही कसली नोकरी, असे शेजाऱ्यांना वाटते. शेजाऱ्यांचे राहू द्या, घरच्यांनाही वाटते.

वाचकहो, याच प्रश्नाचा आज थोडा खोलात जाऊन विचार करायचा आहे. विद्यापीठात आणि संशोधन संस्थांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींची कामाची वेळ कोण ठरवते, ती कशी ठरावी आणि घरच्यांनी व समाजाने त्यात काय करावे, हा तो विचार. आम्ही कारकुनी करणारी माणसे. मस्टर, हजेरी, रजेचा अर्ज आणि शेरा यांतच आमची वीस-बावीस वर्षे गेली. त्यामुळे वेळेचा हिशेब आम्हाला थोडाफार कळतो, आणि हिशेब नसला की काय होते तेही कळते.

हे काम नेमके काय असते?

आधी घरच्यांची शंका दूर करू. विद्यापीठात संशोधन करणारे लोक एकाच प्रकारचे नसतात. कायम नोकरीतले प्राध्यापक असतात. एखाद्या प्रकल्पापुरते नेमलेले प्रकल्प सहायक असतात. अधिछात्रवृत्तीवर, म्हणजे फेलोशिपवर, काम करणारे संशोधक विद्यार्थी असतात. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळतात आणि पुढे वरिष्ठ झाल्यावर ४२ हजार. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची वेगळी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. पुण्याच्या बार्टी संस्थेची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची अधिछात्रवृत्तीही आहे.

म्हणजे हे रिकामटेकडे शिक्षण नव्हे. हे काम आहे आणि त्याला मोबदला आहे. मात्र हा मोबदला पगारासारखा आपोआप येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अधिछात्रवृत्तीत दर महिन्याला संस्थेने संगणकावर नोंद करावी लागते. एकाने माहिती भरायची आणि दुसऱ्याने ती तपासून मान्य करायची. ही नोंद अडली की पैसे अडले. रजेचेही नियम आहेत. अधिछात्राला सार्वजनिक सुट्ट्यांखेरीज वर्षाला ३० दिवस रजा मिळते. कॉलेजला असते तशी उन्हाळ्याची आणि दिवाळीची लांब सुट्टी त्याला नसते. मे महिन्यात गावी लग्नाला पंधरा दिवस चल म्हणून मुलीच्या मागे लागणाऱ्या आत्याबाईंनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता वेळेकडे येऊ. संशोधनाची वेळ ही मुळातच कामाच्या स्वभावावर अवलंबून असते. प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्याला रविवारीही जाऊन त्यांना अन्न द्यावे लागते, कारण पेशींना रविवार कळत नाही. महागडे यंत्र सगळ्या विभागात मिळून एकच असते आणि त्यावर ज्याचा नंबर रात्री आठला लागेल त्याने रात्री आठलाच हजर राहायचे. अर्नाळ्याच्या कोळीवाड्याचा अभ्यास करणाऱ्याला बोटी किनाऱ्याला लागतील तेव्हाच माणसे भेटतात. वीटभट्टीवरच्या मजुरांशी बोलायचे तर काम थांबल्यावर, अंधार पडताना जावे लागते. आणि प्रबंधाचे लेखन करणाऱ्याला कुठेही न जाता चार तास सलग शांतता लागते. या सगळ्यांना दहा ते साडेपाच या एकाच दाव्याला बांधून कसे चालेल?

सरकारच्या नियमांतही ही गोष्ट मान्य केलेली आहे. प्राध्यापकांसाठी आयोगाने २०१८ साली जी नियमावली काढली, तीत आठवड्याला किमान ४० तास काम, असे वर्षाचे ३० आठवडे, आणि रोज किमान ५ तास विद्यापीठात उपलब्ध असणे असा हिशेब मांडला. त्यातले प्रत्यक्ष शिकवण्याचे तास सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ ठरवले आणि वरच्या दोन पदांना १४. म्हणजे पाच तास समोर हजर राहा आणि उरलेले काम आपल्या सोयीने करा, ही मुभा प्राध्यापकाला लिखित स्वरूपात आहे. पण त्याच प्राध्यापकाच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलामुलींच्या रोजच्या वेळेबद्दल बऱ्याच ठिकाणी कुठेच काही लिहिलेले नसते. "सर सांगतील तसे" हाच नियम. दुखणे आहे ते इथे.

बेचाळीस किलोमीटर

मुंबई विद्यापीठाचे कालिन्याचे विद्यानगरी संकुल सांताक्रूझ पूर्वेला आहे. विरार ते सांताक्रूझ रेल्वेने सुमारे ४२ किलोमीटर. विरारची जलद गाडी सांताक्रूझला थांबत नाही. अंधेरीला उतरून धीमी गाडी पकडा, नाहीतर बस किंवा शेअर रिक्षा करा. कुलाब्याच्या संस्थेत काम असेल तर चर्चगेटपर्यंत पूर्ण ६० किलोमीटर आणि पुढे बस. नालासोपाऱ्याच्या मुलीला विरारहून भरून आलेल्या गाडीत सकाळी आठ वाजता पाय ठेवायला मिळाला, तरच पुढचा विचार. सफाळे, पालघर, बोईसरकडच्या मुलांची कथा आणखी वेगळी. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली सुरू झाली हे खरे, पण विरारच्या पलीकडे गाड्या मोजक्या. एक चुकली की तास गेला.

आता कारकुनी हिशेब करू. घरापासून प्रयोगशाळेपर्यंत जायला दोन तास आणि यायला दोन तास, म्हणजे रोजचे चार. महिन्याचे २५ दिवस धरले तर १०० तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर साडेबारा दिवस! महिन्यातले साडेबारा कामाचे दिवस आपली लेक रेल्वेच्या दांडीला लटकून घालवते. वसतिगृहात राहणारा किंवा दादरला घर असणारा तिचा सहकारी तेवढ्या वेळात पुस्तके वाचतो, लेख लिहितो आणि झोपतोही. वर्षअखेरीस दोघांची कामे एकाच फुटपट्टीने मोजली जातात.

आठवड्यातले दोन दिवस तिला वाचन आणि लेखन घरून करू दिले, तर महिन्याला आठ फेऱ्या वाचतात, म्हणजे ३२ तास. चार पूर्ण दिवस. उरलेल्या दिवशी गर्दी ओसरल्यावर अकरा वाजता पोहोचून सातपर्यंत काम करू दिले, तर तीच मुलगी निदान उभी राहून का होईना, हातात कागद धरून वाचत तरी जाऊ शकते. यात विद्यापीठाचा एक पैसाही जात नाही.

वेळ ही आमच्या भागात गाडीच्या हातात असते हे आम्ही सगळ्यांनी कोरोनात पाहिले. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. जूनमध्ये अत्यावश्यक सेवेपुरती सुरू झाली. २१ ऑक्टोबर २०२० पासून महिलांना परवानगी मिळाली ती सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. मग १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना मिळाली, तीही सकाळी ७ च्या आधी, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. त्या दिवसांत कचेऱ्यांनी आपल्या वेळा गाडीप्रमाणे बदलल्याच ना? जे संकटात जमले ते एरवी का जमू नये? मध्य रेल्वेने तर २०२३ साली मुंबईतल्या अनेक कार्यालयांना पत्रे लिहून वेळा मागेपुढे करण्याची विनंती केली होती. गर्दीत माणसे मरतात, हे त्यामागचे साधे कारण.

ही कल्पना आली कुठून?

लवचिक वेळ ही आळशी माणसांची मागणी आहे असा एक समज आहे. प्रत्यक्षात तिचा जन्म एका विमान कारखान्यात झाला. १९६७ साली तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत म्युनिकजवळ एका मोठ्या विमान कंपनीच्या कचेरीत हजारो माणसे एकाच वेळी येत आणि रस्त्यावर गाड्यांचा खोळंबा होई. लोक उशिरा पोहोचत, शिवाय वैतागून पोहोचत. त्यावर क्रिस्टेल केमरर या बाईंची कल्पना कंपनीने वापरून पाहिली. सगळ्यांनी एकाच ठोक्याला यायचे नाही. दिवसातले मधले काही तास सर्वांनी हजर असायचे, त्याच्या आधी आणि नंतरचे तास ज्याने त्याने आपल्या सोयीने भरायचे, आणि महिन्याचे एकूण तास मात्र पूर्ण झालेच पाहिजेत.

यात तीन गोष्टी आहेत. पहिली, सर्वांनी हजर असण्याचा ठरलेला काळ. समजा सकाळी ११ ते दुपारी ४. बैठक, चर्चा, मार्गदर्शन जे काय असेल ते याच वेळात. दुसरी, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा काम करण्याची मुभा. आणि तिसरी, तासांची वही. कोणी किती तास भरले, किती उरले, याची नोंद. ही तिसरी गोष्ट गाळली की सगळा डोलारा कोसळतो. कारण नोंद नसली की काम करणारा बारा तास करतो आणि न करणारा चार तास करतो, आणि दोघांनाही जाब विचारता येत नाही.

इंग्लंडमध्ये तर आता हा कायद्याचा विषय झाला आहे. तेथे ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून वेळ बदलून मागण्याचा लेखी अर्ज करता येतो, वर्षातून दोनदा. मालकाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा आणि नकार द्यायचा तर कारण द्यायचे. अर्ज मंजूर झालाच पाहिजे असे तो कायदा म्हणत नाही. पण उत्तर द्यावे लागते, ही काय लहान गोष्ट आहे?

मर्जी की नियम?

आमच्या ओळखीतली एक मुलगी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत प्रकल्पावर होती. वडील कंत्राटी सफाई कामगार, आई घरकाम करणारी. मुलगी हुशार, मान खाली घालून काम करणारी. नेमणुकीच्या वेळी तिला सांगितले गेले, "आमच्याकडे वेळेचे बंधन नाही." मायबापांना वाटले, किती चांगली माणसे! पहिले सहा महिने बरे गेले. मग हळूहळू वेळेचे बंधन नाही याचा खरा अर्थ उमगू लागला. संध्याकाळी सहाला निरोप यायचा, आठला बैठक आहे. रविवारी सकाळी फोन, आजच आकडे पाठव. आणि एकदा आई आजारी पडली म्हणून ती दुपारी बाराला पोहोचली, तर सर्वांच्या देखत ऐकवले गेले, "इथे मनाला येईल तेव्हा यायची धर्मशाळा नाही."

तिच्याजवळ दाखवायला काहीच नव्हते. रात्री दहापर्यंत थांबलेल्या दिवसांची नोंद नव्हती. वेळेबद्दल एक ओळ लिहिलेली नव्हती. दीड वर्षाने तिने काम सोडले. तिच्यासोबतचा शहरातला मुलगा तसाच उशिरा येत असे, पण त्याला बोलता येत होते, त्याच्या घरात दोन पिढ्या प्राध्यापक होत्या. कोणते वाक्य कोणाला कसे बोलावे हे त्याला घरातच शिकायला मिळाले होते. आपल्या मुलीला ते कोण शिकवणार?

म्हणूनच आम्ही म्हणतो, तोंडी सवलत ही सवलत नसते, ती मर्जी असते. मर्जी सकाळी असते, संध्याकाळी नसते. मर्जी एकावर असते, दुसऱ्यावर नसते. ज्यांच्या पाठीशी नातीगोती आणि ओळखी आहेत त्यांचे मर्जीवर निभावते. आपल्या मुलांना कागद लागतो. कागदावर आलेली सवलत हाच हक्क. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर मंत्री असताना कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी मांडले आणि १९४६ साली त्याचा कायदा झाला. मालकांना दयेची विनंती करून हे झाले नाही. तास आकड्यात लिहिले गेले तेव्हा झाले.

शिपायाचे काय?

या विषयावर बोलणारे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. आपण विसरून चालणार नाही, कारण आपली माणसे टेबलाच्या दोन्ही बाजूंना आहेत. प्रयोगशाळा रात्री दहापर्यंत उघडी ठेवायची म्हटले की कोणीतरी शिपाई, लॅब अटेंडंट, वॉचमन तेथे थांबतो. त्याचे घरही नालासोपाऱ्यालाच असते. सकाळी नऊला कुलूप उघडणारा तोच आणि रात्री दहाला लावणारा तोच. एकाची लवचिक वेळ म्हणजे दुसऱ्याची फुकटची दुसरी पाळी, असे होता कामा नये.

म्हणून आपल्या शिकल्यासवरल्या मुलांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. तुम्ही उशिरा थांबायची परवानगी मागाल तेव्हा सोबत हेही विचारा, की कुलूप कोण लावणार? त्याची पाळी बदलली आहे का? जादा तासांचा मोबदला किंवा बदली सुट्टी त्याला मिळते का? कंत्राटी माणसाची तर नोंदही होत नाही. आठवड्यातले दोन दिवस उशिरापर्यंत प्रयोगशाळा उघडी आणि त्या दोन दिवशी दुसऱ्या पाळीचा माणूस, अशी आखणी करता येते. ज्याच्या बापाने आयुष्यभर कुलपे लावली, त्याने डॉक्टर झाल्यावर दुसऱ्याच्या बापाला रात्री दहापर्यंत बसवून ठेवावे, हे शोभणारे नाही.

लेकीबाळींसाठी

मुलींचा प्रश्न थोडा वेगळा मांडला पाहिजे. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी खास महिलांची लोकल सुरू झाली आणि १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली. त्या गाडीने आमच्या भागातल्या हजारो बायकांची नोकरी टिकवली. पण ती गाडी कचेरीच्या वेळेला असते. रात्री साडेनऊला प्रयोगशाळेतून निघणाऱ्या मुलीसाठी ती नसते. तेव्हा उशिराचे काम मुलींना द्यायचे तर स्टेशनपर्यंत सोबतीची किंवा वाहनाची सोय हवी. महाराष्ट्राने दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ साली जो कायदा केला, त्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था या अटी घातल्या. दुकानातल्या मुलीबद्दल जो विचार होऊ शकतो, तो प्रयोगशाळेतल्या मुलीबद्दल का नको?

बाळंतपणाचे म्हणाल तर येथे नियम आहेत आणि ते घरोघरी ठाऊक असायला हवेत. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार महिला संशोधकाला संपूर्ण अभ्यासकाळात प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. पीएच.डी. किमान तीन वर्षांची आणि कमाल सहा वर्षांची. पुन्हा नोंदणी करून आणखी दोन वर्षे. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्याहून दोन वर्षे जादा, पण सगळी मिळून दहाच्या वर नाही. म्हणजे लग्न झाले, मूल झाले, आता पीएच.डी. गेली, असे सासरी कोणी म्हणाले तर ते खरे नाही.

मात्र यात एक खाच आहे. नोंदणी लांबते, पैसे लांबत नाहीत. कनिष्ठ आणि वरिष्ठ मिळून अधिछात्रवृत्ती पाच वर्षांची असते. म्हणून वर्षे वाढवून मिळाली तरी पाचव्या वर्षानंतरचा खर्च कोठून येणार, याचा विचार नवरा-बायकोने आधीच बसून करावा.

नोकरी करून संशोधन करणाऱ्यांसाठी

आमच्यासारखे नोकरीत असलेलेही आता पीएच.डी.कडे वळू लागले आहेत. त्यांच्यासाठी अर्धवेळ पीएच.डी.ची वाट २०२२ च्या नियमावलीत खुली आहे. त्यासाठी आपल्या कचेरीचे ना-हरकत पत्र लागते. त्या पत्रात तीन गोष्टी असाव्या लागतात. कर्मचाऱ्याला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, त्याच्या कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल. साहेबांपुढे जाताना हे तीन मुद्दे कागदावर लिहूनच जावे. "बघू नंतर" म्हणायला साहेबाला जागा ठेवू नये.

कामाची आणि शिक्षणाची वेळ एकमेकींत बसवणे हा आपल्याकडे नवा विचार नाही. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे सकाळचे वर्ग भरत, म्हणून दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांना पदवीपर्यंत जाता आले. गरिबाने कॉलेजच्या वेळेला यावे असे न म्हणता, कॉलेजने गरिबाच्या वेळेला यावे, असा तो विचार होता. संशोधनालाही आज तोच न्याय हवा.

आता करायचे काय?

संशोधक मुलामुलींनी चार गोष्टी कराव्यात. एक, रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच मार्गदर्शकांशी नम्रपणे बोलून वेळ ठरवावी आणि त्याच दिवशी दोन ओळींचा ई-मेल पाठवावा. फार इंग्रजी झाडायची गरज नाही. "आज आपण ठरवल्याप्रमाणे मी सोमवार ते गुरुवार ११ ते ७ प्रयोगशाळेत असेन आणि शुक्रवारी घरून लेखन करीन. काही बदल हवा असल्यास कृपया कळवावे." एवढे पुरे. दोन, एक साधी वही ठेवावी. तारीख, आलो किती वाजता, गेलो किती वाजता, काय काम झाले. तीन, सुट्टीच्या दिवशी काम केले तर बदली सुट्टी लगेच लेखी मागावी, वर्षअखेरीस नव्हे. चार, महिन्याची अधिछात्रवृत्तीची नोंद झाली का, हे विभागातल्या कारकुनाला स्वतः जाऊन विचारावे आणि त्याच्याशी सलोख्याने राहावे. हे आम्ही कारकून आहोत म्हणून म्हणत नाही, पण त्यात तथ्य आहे!

विद्यापीठांना आणि संस्थांना आमचे सांगणे थोडकेच आहे. सर्वांनी हजर राहण्याचे चार-पाच तास ठरवून विभागाच्या फलकावर लावावेत. बैठका त्याच वेळात घ्याव्यात. घरून कोणते काम करता येते आणि कोणते नाही, ते लिहावे. आणि मार्गदर्शकाबद्दल तक्रार असेल तर ती त्याच मार्गदर्शकाकडे करावी लागू नये.

घरच्यांचे काम मात्र सर्वांत अवघड. मुलगा घरी बसून लिहू लागला तर त्याच्यापुढे चहा येतो. मुलगी घरी बसून लिहू लागली तर हाक येते, "घरीच आहेस ना, जरा पाणी भर." पाणी आले की भरावेच लागते, आमच्याकडे नळाची वेळ कोणासाठी थांबत नाही. पण ते भरायला घरात भाऊही असतो, बापही असतो. विद्यापीठाने दिलेला घरचा दिवस जर धुण्याभांड्यांत गेला, तर ती सवलत तिच्या नावावर आणि फायदा दुसऱ्यांच्या नावावर झाला. तिच्या कामाच्या तासांचा कागद भिंतीवर लावा. त्या वेळात टीव्हीचा आवाज कमी, पाहुणा आला तरी तिला हाक नाही. दहा बाय बाराच्या खोलीत हे सोपे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही त्याच खोल्यांतून राहतो.

आणि म्हणूनच शेवटची गोष्ट समाजाची. आपल्या वस्त्यांमधून विहारे आहेत, त्यांना लागून सभागृहे आहेत. कार्यक्रमाच्या दिवशी ती भरतात आणि एरवी बऱ्याच वेळा त्यांना कुलूप असते. पहाटे पाच ते आठ आणि रात्री आठ ते अकरा एवढा वेळ जरी त्यातला एक कोपरा, दोन टेबले, एक दिवा आणि एक पंखा अभ्यासाला मिळाला, तर घरात जागा नसलेल्या संशोधकाला सहा तास मिळतात. किल्ली कोणाकडे, वीजबिल कोण भरणार, मुलींसाठी रात्री कोण थांबणार, हे प्रश्न आहेत. पण हे प्रश्न सुटण्याजोगे आहेत. पाच घरांनी आठवड्याचे वार वाटून घेतले की किल्लीचा प्रश्न सुटतो.

विद्यापीठाचे दार कधी उघडायचे हे आपल्या हातात नसेल. आपल्या सभागृहाचे दार आपल्या हातात आहे. येत्या रविवारी कमिटीच्या बैठकीत एवढाच एक विषय मांडा, आणि जे ठरेल ते वहीत लिहून खाली सह्या घ्या.